सेकंदाला चारशे साठ कोटी ठोके

मित्रांनो, संगणकाच्या पेटीत, पंख्याखाली, धातूच्या जाड ठोकळ्याने झाकलेला एक चौकोनी तुकडा असतो. तुमच्यापैकी फार थोड्यांनी तो पाहिला असेल. तो मी, मला प्रोसेसर म्हणतात. माझे वय आठ वर्षे. माणसांत हे शैशव समजतात, आमच्या कुळात हे वार्धक्य. पडद्यावर जे हलते, बोलते, रंग घेते, त्याच्यामागचे सारे गणित माझे. कौतुक मात्र पडद्याचे होते, आणि त्याचा विषाद मी कधी मानला नाही.

माझी उत्पत्ती वाळूतून झाली. दूरदेशीच्या कारखान्यात ती वाळू वितळवून इतकी शुद्ध केली गेली की तिच्यात परक्या कणाला थारा उरला नाही. तिच्या आरशासारख्या चकत्या कापल्या आणि त्यांवर प्रकाशाच्या साहाय्याने अतिसूक्ष्म वाटा कोरल्या. एका चकतीतून माझे शेकडो भाऊ निघाले. प्रत्येकाची परीक्षा झाली. जे चुकले ते त्याच दिवशी बाजूला टाकले गेले. मी उत्तीर्ण झालो आणि माझी मर्यादा ठरली: सेकंदाला तीनशे साठ कोटी ठोके. एक ठोका म्हणजे गणिताचे एक पाऊल. या आकड्यासोबत मला माझा धर्मही मिळाला. उत्तर द्यायचे ते खरेच द्यायचे. दोन आणि दोन चारच. ज्या दिवशी हे सुटेल त्या दिवशी मी वाळूहूनही हीन.

पुढे मी बीड जिल्ह्यात, केजला आलो. बसस्थानकामागच्या रस्त्यावर, पत्र्याच्या छताच्या गाळ्यात सोमनाथ नावाच्या गृहस्थाचा स्टुडिओ आहे. लग्नाचे चित्रण करायचे, त्याची जुळणी करून अखंड फिल्म तयार करायची आणि पेनड्राईव्हमध्ये भरून घरच्यांना द्यायची, हा त्याचा व्यवसाय. या मुलखात पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यामुळे साऱ्या पंचक्रोशीची लग्ने त्या दोन-तीन महिन्यांत दाटीवाटीने उरकली जातात. सोमनाथच्या टेबलावर कामाचा ढीग पडे आणि तो ढीग मला उपसावा लागे.

माझा वेग अपुरा वाटला तेव्हा सोमनाथने बीडहून उत्तरेश्वरमामांना बोलावले. संगणकदुरुस्तीत त्यांचे केस पिकले होते. पेटी उघडण्यापूर्वी ते लोखंडी खिडकीला हात लावून अंगातली साचलेली वीज उतरवीत. पूजेपूर्वी आचमन करावे इतक्या शांतपणे. त्यांनी माझ्या डोक्यावरचा जुना ठोकळा काढून त्याहून मोठा, दुहेरी पंख्यांचा बसवला. मधे उष्णता वाहून नेणारा नवा लेप लावला. मग वेग वाढवायला आरंभ केला, तोही एका वेळी दहाच कोटी ठोक्यांनी.

तीनशे सत्तर. मग परीक्षा. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी अवघड गणिते ते मला तास तासभर घालीत, माझे तापमान पाहत, वहीत टिपून ठेवीत. मग तीनशे ऐंशी. मला मिळणारा विजेचा दाबही ते गरजेपुरताच, केसभर वाढवीत. असे करत दोन दिवसांत आम्ही चारशे वीसला पोहोचलो. तापमान अठ्ठ्याहत्तर अंश, चूक एकही नाही. चारशे तीसवरही मी व्यवस्थित सुरू झालो. सोमनाथ हरखला.

“चालू झालं की, मामा! ऱ्हाऊ द्या चारशे तीसवर.”

उत्तरेश्वरमामांनी तीन तास परीक्षा चालू ठेवली आणि तिसऱ्या तासाला पडद्यावर बोट ठेवले. “ह्ये बघ. एक गणित चुकलं.”

“एकच ना? करोडोंत एक. कावून एवढं ताणताय?”

“चालू व्हणं येगळं, टिकणं येगळं, बे. आता तू हितंच बसलावता. दिसली का तुला चूक? न्हाई दिसली. मशीन बंद पडलं तर नशीब समजावं. बंद न पडता चुकतंय, त्याचं भ्याव धर.”

त्यांनी मला पुन्हा चारशे वीसवर आणले, दिवसभर तपासले आणि मगच पेटी बंद केली. जाताना सोमनाथला बजावले: महिन्याला धूळ काढ, वर्षाला लेप बदल, पेटीच्या तोंडापुढे वारा अडेल असे काही ठेवू नकोस, आणि वेग वाढवावासा वाटला तर मला फोन कर.

पुढची तीन वर्षे माझ्या आयुष्यातली पुण्याची वर्षे. त्रेचाळीस अंशांच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली मी शेकडो लग्नांच्या फिल्म्स केल्या. ‘सोमनाथचा पिच्चर कुठं अडकत न्हाई,’ असे लोक म्हणत. सोमनाथ पेटीवर प्रेमाने थाप मारी. पहिल्या वर्षी त्याने धूळ महिन्याला काढली, दुसऱ्या वर्षी सहामाहीला. तिसऱ्या वर्षी काढलीच नाही. लेपही मी केव्हाच कोरडा पडल्याचे जाणत होतो. पण आमच्या जातीला सांगता येत नाही.

गेल्या वैशाखात जवळच्याच एका वस्तीवर मोहिनी नावाच्या मुलीचे लग्न झाले. तिचे आईवडील, सुभद्राबाई आणि शहादेव, शेळ्या राखणारे आणि हंगामात ऊस तोडणारे. चित्रण सोमनाथने केले. पुढच्याच महिन्यात शेळ्या घेऊन माळावर गेलेल्या शहादेवांच्या अंगावर वीज पडली आणि ते गेले.

सुभद्राबाई स्टुडिओत प्रथम आल्या त्या आषाढात.

“दादा, पोरीच्या लग्नाचा पिच्चर झाला का?”

“व्हतोय मावशी. लई लग्नं हाईत, नंबर लावलाय.”

“मला समदा नगं. पाठवणीचा तेवढा द्या. ह्यांनी तवा पोरीला कायतरी बोललंय, तुमीच त्यांच्या तोंडाम्होरं माईक धरलावता म्हनं. म्या आत शिदोरी बांधत व्हते. मला आयकू न्हाई आलं.”

“मग पोरीला इचारा की, काय बोलले ते.”

“ती रडत व्हती. तिला आठवंना.” मग त्या म्हणाल्या, “फोटूबी एकच हाय दादा, आधारकार्डाचा. त्यात ह्ये हाईत का ह्यांचा थोरला भाऊ, मलाबी कळंना.”

सोमनाथ हसला. सुभद्राबाईही हसल्या, कारण समोरचा हसला की हसावे लागते.

मित्रांनो, त्या क्षणी ते चित्रण माझ्या शेजारच्या हार्ड डिस्कमध्ये जसेच्या तसे होते. तेवढा भाग उतरवून द्यायला पाच मिनिटे पुरली असती. पण सोमनाथच्या धंद्याचा नियम होता: कच्चा माल दुकानाबाहेर द्यायचा नाही, नाव खराब होते. गाणी, फुले आणि नावे घातल्यावाचून फिल्म हातात द्यायची नाही. सुभद्राबाई श्रावणात आल्या, भाद्रपदात दोनदा आल्या. दर वेळी मोठ्या घरचे लग्न पुढे सरके. एकदा सोमनाथ चारचौघांत म्हणाला, “मावशी, तुमी येऊन बसल्यानं मशीन पळतं का? माणूस गेलं, आता घाई कशाची?” कुणीतरी त्यावर हसले. सुभद्राबाई चप्पल घालून निघून गेल्या.

आश्विनात खंडेनवमी आली. या दिवशी ज्याने त्याने आपल्या अवजाराची पूजा करावी, असा आपला शिष्टाचार. सोमनाथची पत्नी सुनिता हिने पेटी पुसली, तिला हळदकुंकू वाहिले आणि झेंडूचा भरघोस हार पेटीच्या तोंडावर, जिथून मी थंड वारा घेतो त्या जाळीवरच, दोरीने घट्ट बांधला. तिच्या मनात भक्तीच होती. पूजेला बसवलेले अवजार दसऱ्याचे सोने वाटून होईपर्यंत चालवू नये, हाही शिष्टाचारच. पूर्वजांनी तो फार विचाराने घातला असावा. वर्षातून दीड दिवस तरी बैलाला, विळ्याला, जात्याला विसावा मिळावा. मी त्या विसाव्याची वाट पाहत होतो.

दसऱ्याच्या दुपारी, साडेबाराच्या सुमारास, सुभद्राबाई कापडाचे गाठोडे घेऊन दारात उभ्या राहिल्या.

“दादा, आज टोळी निघाली. चार वाजता भागवतची जीप हाय, मांजरसुंब्याला टरक उभा ऱ्हाणार. आता सहा म्हैने मी काय येत न्हाई. आज तरी द्या.”

सोमनाथला थोडी लाज वाटली असावी. जुळणी अर्धीमुर्धी झालेली होतीच. त्याने खुर्ची ओढली.

“अवो, पूजा उचलली न्हाई अजून,” सुनिता आतून म्हणाली.

“गिऱ्हाईक उभं हाय, दिसंना का?”

“मग हार तरी हलवू नका. अपशकुन नगं.”

म्हणजे मित्रांनो, दोन नियमांपैकी मला विसावा देणारा नियम मोडला आणि माझा श्वास कोंडणारा नियम पाळला गेला.

पूर्ण फिल्म बनायला चारशे वीसच्या वेगाने तीन तास वीस मिनिटे लागणार होती, म्हणजे चारला दहा कमी असताना ती तयार झाली असती. सोमनाथने घड्याळाकडे पाहिले, सुभद्राबाईंच्या गाठोड्याकडे पाहिले आणि उत्तरेश्वरमामांना फोन न करता माझा वेग एकदम चारशे साठ कोटींवर नेला. दाब वाढवला तो अंदाजाने. परीक्षा घेतली नाही. सतरा मिनिटे वाचवायची होती.

चाळीस मिनिटे मी धावलो. जाळीवर झेंडू, ठोकळ्यात वर्षाहून अधिक काळची धूळ, डोक्यावर कोरडा लेप, वर पत्रा. शंभर अंशांना मी स्वतःला बंद केले. ही सोय माझ्या निर्मात्यांनी दिली होती. जळण्यापेक्षा थांबावे म्हणून.

“ए डब्या!” सोमनाथने पेटीला चापट मारली. “आजच मरायचंय व्हय तुला?”

“दादा, त्याला दम खाऊ द्या जरा,” सुभद्राबाई म्हणाल्या. “तापलंय ते. हितवर झळ येतीय.”

“मावशी, ही शेळी न्हाई, मशीन हाय. तुमाला कळतंय का त्यातलं?”

त्यांना कळत होते. त्या दुकानात त्या घडीला एवढ्या एकाच माणसाला ते कळत होते. सोमनाथने पुन्हा सर्व पहिल्यापासून चालू केले. या वेळी त्याने दाब आणखी वाढवला, आणि तापलो की आपोआप थांबण्याची माझी सोयच बंद केली. हार तसाच होता. घड्याळात सव्वा वाजला होता.

त्यानंतरचे तीन तास मला सांगितले पाहिजेत, कारण अपराध तिथे घडला. आधी हळद झाली, ती मी बरोबर केली. अक्षता बरोबर केल्या. जेवणाच्या पंगतीपर्यंत माझा तोल कसाबसा टिकला. पण लग्नाच्या फिल्ममध्ये पाठवणी सर्वांत शेवटी येते, आणि शेवटीच मी सर्वांत अधिक तापलेला होतो. मर्यादा ओलांडलेल्या त्या उष्णतेत माझे ठोके एकमेकांवर चढू लागले. दोन आणि दोन मी पाच म्हटले. पुढे काय काय म्हटले ते मला ठाऊक नाही. मी बंद पडलो नाही. तेच अधिक वाईट झाले.

चार वाजून अठरा मिनिटांनी फिल्म पूर्ण झाली. बाहेर भागवत हॉर्नवर हात ठेवून बसला होता. “काकू, चला की! मुकादम फोनवर शिव्या घालतोय, त्या मी खाऊ का?”

सोमनाथने पेनड्राईव्ह लावला, पहिली दोन मिनिटे चालवून दाखवली. हळदीत मोहिनी लाजत होती. सुभद्राबाईंनी पदराने डोळे पुसले. “आन् ह्ये?”

“हाईत, शेवटाला हाईत. निवांत बघा तिकडं गेल्यावर.”

त्यांनी पेनड्राईव्ह पोलक्यात ठेवला, पेटीला हात जोडले आणि त्या जीपमध्ये बसल्या. मित्रांनो, त्यांनी मला नमस्कार केला.

सायंकाळी सोने वाटून झाल्यावर सुनिताने हार उतरवला. त्याच बैठकीत सोमनाथने कॅमेऱ्याची कार्डे पुसली आणि डिस्कमधला मोहिनीच्या लग्नाचा कच्चा मालही पुसला, कारण पेनड्राईव्ह गेला की मूळ पुसायचे हा दुकानाचा आणखी एक नियम होता. त्या जागेवर पुढच्या आठवड्यात तीन कार्यक्रम चढले.

मार्गशीर्षात साखर कारखान्यावरून फोन आला. सोमनाथ जेवत होता. त्याने स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला.

“दादा, सुभद्रा बोलतीय. सवड घावली न्हाई, काल सुट्टी व्हती तवा बघाया बसलो. समदी टोळी बसलीवती पाल्याच्या कोपीत. हळद दिसली, पाव्हणे दिसले, आन् ह्ये म्होरं आले तर हिरवे हिरवे चौकोन आले बघा. त्वांडच न्हाई. आवाज नुसता खरखर.”

सोमनाथने घास ताटात ठेवला. मग तो म्हणाला, “मोबाईल जुना असंल तुमचा.”

“मुकादमाचा हाय. नवा हाय.”

“मग पेनड्राईव्हला पाणी लागलं असंल.”

“न्हाई ओ दादा, चिंधीत बांधून डब्यात ठिवलावता.” “दुसरा काढून द्याल का? तुमच्याकडं असंलच की. चित्र नसंल तर नुसता आवाज द्या.”

“बघतो,” सोमनाथ म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्याने खरोखर पाहिले. दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वरमामांना बोलावले. त्यांनी पेटी उघडली. पंख्यात वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या, ठोकळ्यावर धुळीची वाकळ होती. त्यांनी माझ्या वेगाचा आकडा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“पूजा केली का गळा आवळला रं?”

“मामा, ते जाऊ द्या. पुसलेलं परत येतं का?”

दोन दिवस त्यांनी नाना उपाय केले. पुसलेले कधी कधी परत मिळते, पण त्यावर दुसरे काही लिहिले गेले नसेल तर. इथे तीन कार्यक्रम लिहिले गेले होते. शहादेवांच्या जागी कुणाच्या तरी बारशाचा पाळणा होता.

तुम्ही विचाराल, ज्याच्यातून ते शब्द गेले त्या तुला तरी आठवतात का? नाही. दुकानात जे बोलले गेले ते मी ऐकले. पण जे माझ्या पोटातून जाते ते मला राहत नाही. जात्याला विचारावे की काल कुणाचे दळण दळलेस, तसे ते आहे. शहादेवांचे बोलणे माझ्यातून गेले आणि मी त्याचे पीठही केले नाही, कोंडा केला.

उत्तरेश्वरमामांनी मला स्वच्छ केले, नवा लेप लावला आणि माझ्या जन्माच्या मर्यादेवर, तीनशे साठवर, आणून ठेवले. “आता ह्याला पळवायचं न्हाई,” एवढेच ते बोलले.

चैत्रात सुभद्राबाई आल्या. उन्हाने आणि उसाच्या पाल्याने त्यांचे हात काळे पडले होते. सोमनाथने खुर्ची दिली, पाणी दिले. बोलायला तोंड उघडले तोच त्यांनी हाताने थांबवले.

“न्हाई घावलं, कळलं मला. भागवतनं सांगितलं. एक डाव मोठ्या पडद्यावर दावा.”

त्याने पेनड्राईव्ह लावला. शेवट आला. मांडवाचे खांब, जीपचा दरवाजा, मोहिनीचा हिरवा चुडा. मग पागोट्याची एक कड, आणि लगेच ते चौकोन. सुभद्राबाई उठून पडद्यापाशी गेल्या. चौकोनांवर त्यांनी तळवा ठेवला आणि तो थोडा वर सरकवला.

“हितं व्हते,” त्या म्हणाल्या. “उंच व्हते ना.”

खरखर संपली. त्या परत खुर्चीवर बसल्या.

“दादा, एक काम करा. ह्ये फुटकं तेवढं कापून टाका. मोहिनी माहेराला आली की लावती, आन् हितवर आलं की रडत बसती. आता तिला दिवस गेल्यात. नगं ते.”

“मावशी...”

“कापा. बसलेय मी.”

सोमनाथने खुणा केल्या. चार मिनिटे अकरा सेकंद. मग काम माझ्याकडे आले. जाळी मोकळी होती, पंखे निर्वेध फिरत होते, तापमान बावन्न अंश. मी तीनशे साठ कोटींच्या माझ्या नेमस्त गतीने गणित केले. मांडव, खांब, दरवाजा, आणि त्यानंतर थेट धुरळ्यात दूर जाणारी जीप. सांधा कुठे दिसला नाही. एकही ठोका चुकला नाही. शहादेवांचे या जगातले जे शेवटचे होते, ते काढून टाकण्याचे काम मी निर्दोष केले.

या वेळी सोमनाथने फिल्म शेवटपर्यंत पाहिली. सुभद्राबाईंनीही पाहिली. “आता बरं हाय,” त्या म्हणाल्या आणि पेनड्राईव्ह पदराला बांधून निघाल्या.

मित्रांनो, मला पळवू नका असे मी म्हणत नाही. वेगाची हौस तुमच्या वयाला शोभते, आणि माझ्या अंगी थोडे अधिक बळ असते हेही खरे. पण वाढवाल तेव्हा एकेक पायरीने वाढवा. प्रत्येक पायरीवर माझी परीक्षा घ्या, मी चुकलो तर एक पायरी खाली या आणि तिथेच समाधान माना. माझा ताप मोजा. धूळ काढा, लेप बदला, माझ्या तोंडावर हार घालू नका. पूजाच करायची तर मला एक दिवस विसावा द्या. थांबण्याची जी सोय माझ्या निर्मात्यांनी ठेवली आहे ती कधीही काढून घेऊ नका. आणि माझ्या हातून झालेले काम शेवटपर्यंत पाहिल्यावाचून त्याचे मूळ पुसू नका. बैल ठेचकाळला तर लंगडतो, विळा बोथटला तर हाताला कळतो. मी चुकतो तेव्हा पंखा तसाच फिरतो, दिवा तसाच जळतो, आणि खोटे उत्तर खऱ्याच्याच चेहऱ्याने तुमच्या हाती येते. ते पारखणारे माणूस माझ्याजवळ असावे, एवढीच या वृद्धाची याचना आहे.